बावीस अपॉस्ट्रॉफी आणि हरलेला खटला

गाण्याच्या शब्दांत येणाऱ्या अपॉस्ट्रॉफींपैकी (इंग्रजीत गाळलेल्या अक्षराच्या जागी येणारं चिन्ह) दुसरी, पाचवी, तेरावी, चौदावी, सोळावी आणि विसावी वाकडी ठेवायची आणि बाकीच्या सरळ. ‘जीनियस’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१६ साली योजलेला वॉटरमार्क, म्हणजे नक्कल ओळखण्यासाठी लपवलेली खूण, एवढाच होता. वाचणाऱ्याला तो जाणवत नव्हता, शब्दांच्या अर्थाला त्याचा धक्का लागत नव्हता, आणि ज्या कामासाठी तो घातला ते काम त्याने चोख बजावलं. गूगलच्या शोधपानावर दिसणाऱ्या गीतांमध्ये नेमका तोच क्रम सापडला. तरीही जीनियस पहिल्या न्यायालयात हरलं, अपिलात हरलं, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

वॉटरमार्किंगचा विषय निघाला की खूण किती बेमालूम लपली आणि किती घाव सोसून टिकली यावरच सगळी चर्चा होते. खूण सापडल्यावर ती घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जीनियसच्या प्रकरणात तोच प्रश्न निर्णायक ठरला, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

कोणाच्या हातात काय होतं

जीनियस २००९ साली सुरू झालं आणि सुरुवातीची काही वर्षं ‘रॅप जीनियस’ या नावाने ओळखलं जाई. रॅप गाण्यांचे शब्द ऐकून लिहून काढायचे आणि ओळीओळीवर टिपा द्यायच्या, असा हा उद्योग. लिहून काढणारे बहुतेक हौशी सभासद. हे काम वरून दिसतं तितकं सोपं नाही. गिळलेले उच्चार, गल्लीतली बोली, ज्या माणसांची आणि वस्त्यांची नावं बाहेरच्याला ठाऊकही नसतात त्यांचे उल्लेख, हे सगळं कानांनी टिपायचं असतं. एक जण कच्चा मसुदा टाकतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा पुन्हा ऐकून वाद घालतो. काही वेळा खुद्द कलाकार येऊन शब्द देतो. मेहनत खरी होती, आणि तिचं मोल पुढच्या कोणत्याही निकालाने कमी होत नाही.

पण गीताचा मालक गीतकार असतो, किंवा ज्याच्याकडे त्याने हक्क दिले तो संगीत-प्रकाशक. हे जीनियसला फार आधी कळून चुकलं होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘नॅशनल म्युझिक पब्लिशर्स असोसिएशन’ या प्रकाशकांच्या संघटनेने विनापरवाना गीतं छापणाऱ्या ५० संकेतस्थळांना नोटिसा पाठवल्या, आणि त्या यादीत रॅप जीनियसचं नाव सर्वांत वर होतं. त्यानंतर त्यांनी प्रकाशकांशी करार करून परवाने घेतले. म्हणजे गीतं दाखवायची मुभा त्यांच्याकडे आली, पण मालकी आली नाही. पुढचा सगळा खटला या एका फरकावर उभा आहे.

गूगलने २०१४ च्या अखेरीस शोधाच्या निकालांवरच गीताचे शब्द एका चौकटीत दाखवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यासाठी टोरांटोच्या ‘लिरिकफाइंड’ या कंपनीशी करार झाला. ही कंपनी प्रकाशकांकडून परवाने घेते आणि गीतांचा मजकूर पुरवते, आणि गूगल प्रकाशकांना दाखवण्याचे पैसे देतं. शोधणाऱ्याला शब्द तिथेच मिळाले की तो जीनियसवर कशाला जाईल? वाचक गेला की जाहिरात गेली. जीनियसचं दुखणं हे होतं.

संशय आणि पुराव्याची अडचण

२०१६ साली डिझायनर या रॅपरचं ‘पांडा’ हे गाणं गाजत होतं आणि त्यातले शब्द कळत नाहीत अशी ऐकणाऱ्यांची सरसकट तक्रार होती. जीनियसकडे ते शब्द कलाकाराकडूनच आले होते. गूगलच्या चौकटीत हुबेहूब तेच दिसले, तेव्हा जीनियसच्या मंडळींना शंका आली.

मात्र शंकेचा पुरावा करणं इथे फार अवघड होतं. दोन माणसांनी एकच गाणं प्रामाणिकपणे ऐकून लिहिलं तर मजकूर सारखाच यायला हवा. सारखेपणा हेच चांगल्या कामाचं लक्षण आहे, तेव्हा त्यावरून चोरी कशी दाखवणार? दोघांच्या चुका सारख्या निघाल्या तरच काही म्हणता येतं. म्हणून नकाशे करणारे फार पूर्वीपासून नकाशात एखादी नसलेली गल्ली घालत आले आहेत, आणि कोशकार एखादा बनावट शब्द. नकाशा उचलणाऱ्याबरोबर ती खोटी गल्लीही जाते.

गीतात खोटा शब्द घालता येत नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या वाचकालाच त्यात फसवल्यासारखं होतं, आणि दुरुस्ती करायला टपलेले सभासद तो शब्द तासाभरात उडवतील. तेव्हा शब्द जसेच्या तसे ठेवून ते ज्या चिन्हांनी लिहिले जातात तिथे काहीतरी लपवणं भाग होतं.

खूण जवळून पाहू

इंग्रजी रॅपमध्ये अपॉस्ट्रॉफीचा नुसता सडा असतो. क्रियापदाचं शेवटचं अक्षर खाल्लं की अपॉस्ट्रॉफी, दोन शब्द जोडले की अपॉस्ट्रॉफी. संगणकात हे चिन्ह दोन प्रकारे लिहिता येतं. एक सरळ उभी रेघ ( ' ) आणि एक वाकडी, स्वल्पविरामासारखी ( ’ ). युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोघांचे क्रमांक वेगळे. अनेक फॉन्टांमध्ये फरक इतका बारीक असतो की गाणं वाचताना कोणाचं लक्ष जाणार नाही, पण यंत्राला ती दोन पूर्णपणे वेगळी चिन्हं आहेत.

तारायंत्राच्या मोर्स लिपीत प्रत्येक अक्षर टिंब आणि रेघ यांनी लिहितात. जीनियसने सरळ चिन्हाला टिंब मानलं आणि वाकड्याला रेघ. मग ‘रेडहँडेड’, म्हणजे रंगेहाथ, हा शब्द इंग्रजी अक्षरांनी मोर्समध्ये लिहिला:

आर ·–·  ई ·  डी –··  एच ····  ए ·–  एन –·  डी –··  ई ·  डी –··

मोजून पाहा. एकूण २२ चिन्हं आहेत. रेघा दुसऱ्या, पाचव्या, तेराव्या, चौदाव्या, सोळाव्या आणि विसाव्या जागी येतात. नव्याने आलेल्या निवडक गाण्यांमध्ये पहिल्या बावीस अपॉस्ट्रॉफी या क्रमाने बसवल्या की झालं.

मोर्सचा भाग वर्तमानपत्रांना फार आवडला, पण पुराव्याच्या दृष्टीने त्याला मी फारसं महत्त्व देत नाही. मोर्समध्ये दोन अक्षरांच्या मध्ये विराम लागतो, तो इथे नाही. तेव्हा ही बावीस चिन्हं सलग वाचून नेमका तोच शब्द निघेल असं नाही, दुसरेही अक्षरसमूह निघू शकतात. खरं बळ क्रमात आहे. प्रत्येक जागी सरळ की वाकडी हे नाणं उडवून ठरवलं, तर नेमका हा क्रम योगायोगाने येण्याची शक्यता ४१,९४,३०४ मध्ये एक. शिवाय टंकणारा माणूस नाणं उडवत बसत नाही. त्याचा कळफलक एकतर सगळ्या सरळ देतो किंवा सगळ्या वाकड्या. मुळात सरमिसळ हीच दुर्मिळ गोष्ट, आणि तीच सरमिसळ गाण्यामागून गाण्यात दिसली तर योगायोगाचं नाव कोणी काढू नये.

या पद्धतीची दुबळी बाजूही लगेच दिसते. ज्या गाण्यात बावीस अपॉस्ट्रॉफी नाहीत त्यात पूर्ण खूण मावत नाही. उचलणाऱ्याने एक ओळ गाळली किंवा ध्रुवपद एकदाच लिहिलं तर मोजणी घसरते. यावर उपाय सोपा आहे. मूळ प्रत तुमच्याजवळ असते, तेव्हा जागा मोजण्याऐवजी कोणत्या शब्दावर कोणती अपॉस्ट्रॉफी ते जुळवायचं. पण ज्याला खूण ठाऊक झाली तो सगळ्या अपॉस्ट्रॉफी एकसारख्या करायला एका ओळीची आज्ञा लिहील, आणि मग जुळवायला काहीच उरणार नाही.

चित्रांच्या आणि ध्वनीच्या क्षेत्रात हा प्रश्न फार पूर्वी ओळखला गेला होता. कॉक्स, किलियन, लेटन आणि शमून यांच्या १९९७ च्या प्रसिद्ध शोधनिबंधाचं म्हणणंच असं होतं की खूण चित्राच्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात दडवू नका. डोळ्याला जे घटक महत्त्वाचे वाटतात त्यांच्यातच ती पातळ पसरून ठेवा, म्हणजे खूण पुसणाऱ्याला चित्रच बिघडवावं लागेल. छायाचित्रात लाखो बिंदू असतात, त्यामुळे हे जमतं. गीतात शे-दोनशे शब्द, आणि प्रत्येक शब्द नेमका हवा. मजकुराच्या वॉटरमार्कला जागा फार अपुरी मिळते, आणि जी मिळते ती दिसायला नगण्य असलेल्या चिन्हांतच. जीनियसची खूण अगदी पुसट जागी होती. ती टिकली, कारण उचलणाऱ्याच्या वाटेवर कोणी अपॉस्ट्रॉफींकडे पाहिलंच नाही.

सापडलं काय, आणि सिद्ध काय झालं

जीनियसने सांगितलेल्या चाचणीत खूण घातलेल्या २७१ गाण्यांची चौकट गूगलवर दिसत होती. त्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांमध्ये खूण आढळली. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्यांनी गूगलला कळवलं. जून २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी छापली आणि जगभर चर्चा झाली.

गूगलचं उत्तर असं होतं की गीतांसाठी आम्ही कोणतंही संकेतस्थळ खरवडत (यंत्राने मजकूर उचलत) नाही, मजकूर परवानाधारक पुरवठादारांकडून येतो, आणि यापुढे चौकटीत पुरवठादाराचं नाव दाखवू. लिरिकफाइंडचं म्हणणं निराळं होतं. जीनियसने पूर्वी तक्रार केली तेव्हाच आमच्या लोकांना त्यांचा मजकूर पाहू नका असं सांगितलं होतं. पण दाखवलेली उदाहरणं इतर अनेक गीतस्थळांवरही होती, तेव्हा नकळत तिसऱ्याच जागेवरून तो मजकूर आला असेल.

हे उत्तर खरं की खोटं याचा निवाडा कधी झालाच नाही. परंतु वॉटरमार्कचा विचार करणाऱ्याने ते गांभीर्याने घ्यायला हवं, कारण त्यात एक वाजवी मुद्दा आहे. ही खूण मजकुराचा उगम सांगते, वाट सांगत नाही. हे शब्द जीनियसवर जन्मले एवढं नक्की. तिथून ते थेट लिरिकफाइंडकडे गेले, की मधल्या चार-पाच लहान स्थळांवरून फिरत गेले, हे बावीस अपॉस्ट्रॉफींना सांगता येत नाही. जीनियसवर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रत, एकाच क्रमासह दिसत होती.

वाट शोधायची तर प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी लागते. चित्रपट व्यवसायात हे सर्रास चालतं. पुरस्कारांच्या मतदारांना पाठवलेल्या प्रतींत प्रत्येकाची खूण निराळी असते, त्यामुळे फुटलेली प्रत कोणाची हे कळतं. जीनियसला हे निम्म्याने तरी करता आलं असतं असं मला वाटतं. पान मागणाऱ्या यंत्राच्या इंटरनेटवरच्या पत्त्यानुसार क्रम बदलायचा आणि कोणाला कोणता क्रम दिला याची नोंद ठेवायची. मग सापडलेल्या क्रमावरून निदान कोणत्या दिवशी कोणत्या पत्त्यावर तो मजकूर गेला हे दाखवता आलं असतं. बावीस जागांत एकेचाळीस लाखांहून अधिक वेगळे क्रम मावतात, जागेची टंचाई नव्हती.

बातमी फुटल्यावर पहिली खूण निकामी होणार हे उघड होतं. खटल्याच्या अर्जात म्हणून दुसऱ्या खुणेचाही उल्लेख आहे. ही खूण शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागांत होती. गीतातली पंधरावी, सोळावी, एकोणिसावी आणि पंचविसावी मोकळी जागा नेहमीची न ठेवता ‘फोर-पर-एम स्पेस’ नावाचं एक वेगळं युनिकोड चिन्ह ठेवायचं. वेगळी जागा म्हणजे रेघ आणि नेहमीची म्हणजे टिंब धरलं, तर पंधराव्या जागेपासूनचा चौदा जागांचा हा पट्टा मोर्समध्ये ‘जीनियस’ असा वाचता येतो. अपॉस्ट्रॉफी निदान बारकाईने पाहिल्यावर दिसते, मोकळी जागा तर दिसतच नाही. पण तीही एका आज्ञेत साफ होते.

न्यायालयात

३ डिसेंबर २०१९ रोजी जीनियसने न्यूयॉर्क राज्याच्या ब्रुकलिनमधल्या न्यायालयात गूगल आणि लिरिकफाइंडविरुद्ध दावा लावला आणि किमान ५ कोटी डॉलरची मागणी केली. दाव्यात प्रताधिकारभंगाचा (कॉपीराइट मोडल्याचा) आरोप नव्हता, आणि असणंही शक्य नव्हतं, कारण गीतांचा प्रताधिकार त्यांचा नव्हता. आरोप होते ते राज्याच्या कायद्याखालचे. संकेतस्थळाच्या वापरअटींत व्यापारी कारणासाठी मजकूर उचलू नये असं लिहिलं आहे, तो करार मोडला. दुसऱ्याच्या मेहनतीवर अन्यायाने कमाई केली. अनुचित स्पर्धा केली.

प्रतिवादींनी प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात नेलं. तिथे न्यायाधीश मार्गो ब्रोडी यांनी १० ऑगस्ट २०२० रोजी दावा फेटाळला. आधार होता प्रताधिकार कायद्याचं कलम ३०१. जो हक्क मुळात प्रताधिकारासारखाच आहे तो राज्याच्या कायद्याने, दुसऱ्या नावाने, मागता येत नाही असं हे कलम सांगतं. ‘आमचा मजकूर उचलू नका’ ही करारातली अट आणि ‘प्रत काढण्याचा हक्क फक्त मालकाचा’ हा प्रताधिकार, यांत न्यायालयाला वेगळेपण दिसलं नाही. आणि तो हक्क बजावायचा तर मालकानेच यायला हवं. मालक तर प्रकाशक, आणि त्यांनी गूगल व लिरिकफाइंडच्या बाजूला आधीच परवाने दिलेले.

त्या निकालासाठी अपॉस्ट्रॉफींचा पुरावा खरा की खोटा हे तपासायची गरजच पडली नाही. अर्जातलं सगळं खरं धरलं, नक्कल झाली हेही धरलं, तरी दावा उभा राहत नाही, असा तो निकाल आहे. १० मार्च २०२२ रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. दरम्यान २०२१ मध्ये जीनियस ‘मीडियालॅब’ या कंपनीला विकलं गेलं होतं. नव्या मालकांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. त्यांच्या म्हणण्यात दम होता, कारण कराराच्या बाबतीत अमेरिकेतली वेगवेगळी अपील न्यायालयं खरोखरच वेगळं बोलतात. शिकागोच्या अपील न्यायालयाने १९९६ सालीच करारातून आलेला हक्क प्रताधिकाराहून वेगळा मानला होता. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं मत मागवलं, सरकारने अर्ज घेऊ नये असं कळवलं, आणि २६ जून २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला.

जुन्या निकालांची आठवण असणाऱ्याला यात १९९१ चा एक खटला दिसेल. कॅन्सस राज्यातल्या ‘रूरल’ या टेलिफोन कंपनीची निर्देशिका ‘फाइस्ट’ नावाच्या प्रकाशकाने वापरली होती. फाइस्टच्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ नोंदी रूरलच्या नोंदींशी तंतोतंत जुळल्या, आणि त्यांतल्या चार तर रूरलने नक्कल पकडण्यासाठी मुद्दाम घातलेल्या खोट्या नोंदी होत्या. सापळा नेमका लागला. तरी सर्वोच्च न्यायालयाने रूरलच्या विरुद्ध निकाल दिला: नाव-गाव-नंबर वर्णानुक्रमे मांडण्यात स्वतंत्र निर्मिती नाही, आणि नुसता घाम गाळला म्हणून प्रताधिकार मिळत नाही. अठ्ठावीस वर्षांनी जीनियस दावा लावायला निघालं, तेव्हा हे चित्र पुस्तकांत छापलेलं होतं.

जीनियसने खूण कुठे ठेवली याकडेही पाहायला हवं. त्यांच्या पानावर दोन प्रकारचा मजकूर असतो. गीताचे शब्द दुसऱ्याचे, ओळींवरच्या टिपा मात्र त्यांच्या सभासदांनी स्वतः रचलेल्या. अडचण अशी की गूगलच्या चौकटीत टिपा नव्हत्याच, फक्त शब्द होते. ज्या भागावर हक्क सांगता आला असता तो भाग कोणी नेला नाही, आणि जो नेला त्यावर हक्क नव्हता.

मराठी मजकुराचं काय

मराठीत अपॉस्ट्रॉफी जवळजवळ नसते, म्हणून ही युक्ती आपल्याकडे चालणार नाही असं कोणाला वाटेल. प्रत्यक्षात आपल्या लिपीत याहून चांगली जागा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. भारतीय लिपींसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतःची कळ आहे. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झीरो-विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात: दुसऱ्या, दुसर्‍या. जुन्या मजकुरात दुसरी पद्धत भरपूर सापडते. युनिकोडच्या ठरावीक एकसारखेकरणातून (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या प्रक्रियेतून) मजकूर गेला तरी या दोन रूपांतला फरक जात नाही. शेतीच्या एखाद्या बातमीत ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांची’, ‘नोकऱ्या’, ‘दौऱ्यावर’ असे शब्द किती येतात ते मोजलं तर खुणेला जागा किती आहे ते कळेल. ‘ॲप’मधला ॲ सुद्धा असाच दोन प्रकारे लिहिता येतो.

यातला एक गुण मला फार मोलाचा वाटतो. संकेतस्थळं चालवणारे बरेचदा न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकतात. आपल्या मजकुरातून जॉइनर काढला की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार वर चढतो आणि शब्द चुकीचा दिसतो. ऱ ने लिहिलेले शब्द मात्र शाबूत राहतात. म्हणजे सफाई केल्यावर खूण पुसली जात नाही, उलट डोळ्यांना दिसू लागते. कोणते शब्द मोडले आणि कोणते नाही, हाच तो क्रम. खूण ठाऊक असलेला माणूस दोन्ही रूपं एक करून ती अर्थातच घालवू शकतो.

किंमतही आहे, आणि ती वाचकाच्या माथी जाते. पानावर साधा शोध घेणाऱ्याने एका रूपात ‘दुसऱ्या’ टंकला तर दुसऱ्या रूपातले शब्द त्याला सापडतीलच असं नाही. उद्या कोणी मजकुराचा कोश किंवा शब्दसूची करायला घेतली तर प्रत्येक शब्द दोनदा येईल. ज्यांचा मजकूर अभ्यासासाठी वापरला जातो त्यांनी हे करू नये असंच मी म्हणेन.

कायद्याच्या बाजूने आपली परिस्थिती काही ठिकाणी वेगळी आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात अमेरिकेच्या ३०१ सारखं कलम नाही. कलम १६ इतकं सांगतं की या कायद्याबाहेर प्रताधिकार नाही, मात्र विश्वासभंग रोखण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ब हे कलम आलं. हक्कांची माहिती देणारी खूण जाणूनबुजून, अधिकार नसताना काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण व्याख्या वाचावी. कृतीची, कर्त्याची किंवा हक्कधारकाची ओळख, वापराच्या अटी, अथवा यांचा सांकेतिक क्रमांक, एवढ्याला संरक्षण आहे. वापरणारा कोण हे ओळखण्यासाठी केलेली योजना व्याख्येतून वगळली आहे. तेव्हा प्रत्येक ग्राहकाला वेगळी प्रत देणारी खूण पुरावा म्हणून कामी येईल, तिला ६५ब चं कवच मात्र मिळणार नाही.

आणि जीनियसचं मूळ दुखणं आपल्याकडे तसंच आहे. संतवाङ्मय टंकून जालावर ठेवणाऱ्या मंडळींचाच विचार करा. अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत. ते अचूक टंकायला महिने लागले तरी त्या शब्दांवर हक्क मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या पुस्तकात तुमची खूण जशीच्या तशी सापडली तरी न्यायालयात सांगण्यासारखं फार काही उरत नाही. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या डिसेंबर २००७ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा आखली. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर कोणाचाही नाही, पण संपादकांनी समजून-उमजून पाडलेले परिच्छेद, त्यांचे अंतर्गत संदर्भ, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणता विरोधी याच्या नोंदी, यांत कौशल्य आणि निवाडा आहे, तेव्हा त्यांवर प्रताधिकार आहे. अभंगांच्या बाबतीत पाठभेदांतून केलेली निवड, कठीण शब्दांच्या टिपा, विषयवार लावलेला क्रम हा भाग संपादकाचा. खूण तिथे असली तर तिच्यामागे हक्क उभा राहू शकतो.

खूण घालणाऱ्याने एक कागद आधीच तयार ठेवावा. कोणत्या दिवशी, कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या शब्दांवर कोणतं रूप ठेवलं याची नोंद, आणि त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आणि मजकूर जरा बदलला तरी बदलणारा आकडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्याचा रकानाच आहे. नक्कल सापडल्यानंतर बनवलेली नोंद त्या रकान्यात बसेल, पण समोरचा वकील तारीख विचारेल.